सरळ केलेला कणा

मिस्त्री, तुमच्या हातच्या बैलगाडीच्या चाकांमध्ये मी नवा कणा घातला. त्याची खरी किंमत आधी सांगून टाकतो. एकोणीस दिवस गेले. चाकावर लोखंडी धाव चढवताना डाव्या तळहाताची साल निघाली. पाच टोपल्या बोंबील भरतीच्या पाण्यात गेले, आणि मी कमरेपर्यंत चिखल माखून घरी आलो म्हणून बायकोने दोन दिवस अबोला धरला. शिवाय तुमच्याबद्दलचं एक मत मी सोळा वर्षं मनात धरून बसलो होतो, तेही गेलं. शेवटी शेवटी तुमचा हात ढिला पडला होता, असं ते मत होतं. लोखंड गिरणीच्या भंगारातलं, ते यात धरत नाही.

तुम्हाला जाऊनही सोळाच वर्षं झाली. खोताच्या वाडीच्या तोंडाशी तुमचा मांडव होता, तिथे आता एक पाववाला बसतो. मी भोईवाड्यात आहे. गलबतातून उतरलो तेव्हा अंगावर एक पंचा होता हे तुम्हाला ठाऊक. आज माझ्याकडे तीन भट्ट्या आणि अकरा माणसं आहेत, साहेबलोकांच्या बग्ग्यासुद्धा चाकं बांधायला येतात. परळ-लालबागात मला हातात मोजपट्टी धरलेलं कोणी पाहिलेलं नाही. नजरेने सूत पकडतो, आणि कान तर तुम्हाला माहीतच आहेत. रस्त्याकडे पाठ करून बसलो तरी कुठल्या चाकाचा आरा सैल झालाय ते सांगतो. माझ्या हातची गाडी शंभर पावलांवरून ओळखतो. तिचं एक ठरलेलं टक्, टक् असतं, दर फेऱ्याला एक. गिऱ्हाइकांना मी ते कौतुकाने ऐकवत असे, जणू नाव कोरून दिलंय. तुमच्या गाड्या मात्र मला कधी ओळखता आल्या नाहीत. त्या वाजतच नाहीत.

एका सकाळी शिवडीची एक कोळीण तुमची गाडी घेऊन दारात उभी राहिली. पन्नाशीची बाई, नवरा दर्यात गेलेला, दोन सुना हाताशी आणि दोन बैल. "हात लावून बघ," म्हणाली, "तुझ्या म्हाताऱ्याची हाय. माझ्या सासऱ्याने खोताच्या वाडीतून आणलेली." मी साट्याखाली वाकून पाहिलं. लाकूड तासताना पडलेले तुमच्या वाकसाचे घाव मला कोणी दाखवावे लागत नाहीत. बाईचं काम वेगळं होतं. ओहोटीला होड्या पार लांब चिखलात टेकतात, आणि तिथून माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका गुडघाभर चिखल तुडवत येतात. मोठ्या सुनेचा पाय कालवांच्या शिंपल्यांनी चिरून महिनाभर सुजला होता. आता गाडीच चिखलात न्यायची, असं बाईने ठरवलं होतं.

"चाकं इथवर पायजेत," तिने छातीवर आडवा हात धरला. "आन् धाव रुंद. नायतर रुतेल."

"चाकं करीन गं बाय. पण चाक उंच झालं की गाडी कलताना कण्याला पिळते. हा बाभळीचा कणा कमरेएवढ्या चाकांसाठी आहे. त्याला नाही झेपायचं."

"मग दुसरा घाल."

"लोखंडाचा घालतो. तुझी नातवंडं म्हातारी होतील, पण कणा वाकायचा नाही."

"नातवंडांचं सोड. माझे बैल परत यायला पायजेत. भरती आली आन् गाडी अडकली, तर जुवाखाली बुडून मरतील. दुसरी जोडी मना या जन्मी व्हायची नाय."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी हसून मान डोलावली.

तुमचा कणा काढून अंगणात टाकला तेव्हा माझ्या माणसांना मी तो मुद्दाम दाखवला. दोरी ताणून धरली. मधला भाग दोरीला लागलेला, पण दोन्ही टोकं खाली झुकलेली, करंगळीच्या पेराएवढी. "बघा रे," म्हटलं, "मोठा कारागीर, पण वय झालं की हात असा पडतो. नाहीतर पावसापाण्याने वाकला असेल." माणसं हळहळली. मीही हळहळलो, आणि खरं सांगतो मिस्त्री, आतून थोडं बरंही वाटलं.

मग मी एका गिरणीतून भंगारात निघालेला शाफ्ट आणवला. मनगटापेक्षा जाड, वर्षानुवर्षं फिरून गुळगुळीत झालेला. टोकं तापवून निमुळती केली आणि कणा असा सरळ केला की त्यावरून नजर घसरत जावी. चाकं तुम्ही शिकवलीत तशीच, ताटासारखी किंचित खोलगट. धाव चढवायच्या दिवशी सगळा भोईवाडा जमतो. गोवऱ्यांचं मोठं कडं रचलंय, त्यात चार बोटं रुंदीची धाव लाल होतेय, सहाजण सांडश्या घेऊन उभे आहेत. मी "उचला" म्हणतो आणि ती लाल धाव हवेतून येते, चाकावर बसते, लाकूड भडकतं, पाण्याच्या घागरी पडतात, आणि मग त्या वाफेतून चाक आवळत जाताना जो आवाज निघतो, मोठं जनावर झोपेत कूस बदलतं तसा, तो ऐकताना आजही माझे हात जोडले जातात. तुम्ही त्या वेळी टोपी काढायचात. मला तेव्हा वाटायचं, उकडतं म्हणून काढत असतील.

पहिल्या खेपेला बनवणाऱ्याने गाडीवर बसायचं, हा तुमचा नेम. मी तो मोडलेला नाही. चाकावर नारळ फुटला आणि भरदुपारी ओहोटीला आम्ही शिवडीच्या चिखलात उतरलो. बाई बैलांच्या पुढे, सुना मागे, मी वर. मिस्त्री, तुम्ही ते पाहायला हवं होतं! जिथे माणूस मांडीपर्यंत जातो तिथे ती उंच चाकं वीतभर रुतून पुढे सरकत होती. आजूबाजूच्या होड्यांवरचे कोळी उभे राहून बघायला लागले. एकाने हाक मारली, "काय गं, रथ काढलास काय?" बाई म्हणाली, "रथच हाय! तुझ्या बायकोला सांग, उद्यापासून डोकं मोकळं!" टोपल्या चढल्या. गाडी वळली. मी छाती काढून बसलो होतो आणि कान लावून ऐकत होतो. काहीच वाजत नव्हतं. मला वाटलं, सगळं ठीक आहे. चिखलात लोखंडाला आवाज नसतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

पाहिलं ते तिने. "मिस्त्री, चाक भायेर येतंय!" चाक अडवणारी कण्याच्या टोकाची खीळ उजव्या बाजूला अर्धी कापली गेली होती, आणि मी वाकून बघेपर्यंत ती तुटली. चाकाच्या मधला तुंबा कण्यावरून चार बोटं सरकला, गाडी कलली, वरच्या टोपल्या चिखलात पडल्या. मागे भरतीच्या पाण्याची रेघ दिसत होती. आपण बघत असतो तेव्हा ती हलत नाही, नजर काढून पुन्हा पाहिलं की जवळ आलेली असते. मी वरच बसून राहिलो. बाईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बैल सोडले आणि धाकट्या सुनेच्या हाती देऊन किनाऱ्याकडे हाकलले. मग माझ्याकडे वळली. "आता बसून काय ऱ्हायलास? तुझा नेम झाला, उतर खाली!" मी उतरलो. चार कोळी धावत आले, त्यांनी गाडीला खांदे दिले, मी चाक आत रेटलं. खिळीच्या जागी घालायला माझ्यापाशी काही नव्हतं. बाईने होडीवरची वल्हं अडकवायची खुंटी उपसून आणली आणि दगडाने ठोकून बसवली. बैल नव्हते म्हणून माणसांनीच गाडी ओढली. किनाऱ्याला लागलो तेव्हा पाणी तुंब्यापर्यंत आलं होतं.

तिथे तिने दम घेतला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "म्हाताऱ्याची गाडी वीस वर्षं चालली, एक खीळ बदलली नाय. तू हात लावलास आन् पहिल्या दिवशी फेंगडी झाली. काय काढलंस रे तिच्यातून?"

काय काढलंस. घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. एक खीळ बदलली नाही! माझ्याकडे दर चार महिन्यांनी गाडीवाले खीळ बदलायला येतात, आणि मी लोहाराला शिव्या घालतो. अंगणात तुमचा कणा पडला होता. मी त्यावर एक चाक चढवलं आणि हाताने फिरवलं. फिरलं, फिरलं, आणि आपसूक आतल्या बाजूला टेकून राहिलं. खिळीला शिवलंसुद्धा नाही. मग माझ्या सरळ कण्यावर फिरवलं. ते हळूहळू टोकाकडे घसरत गेलं आणि खिळीवर वाजलं. टक्. पुन्हा फिरवलं. टक्.

मी जमिनीवर बसलो. टोक निमुळतं, म्हणून त्याची खालची कड वर चढत जाते, आणि तिच्यावरून चाक बाहेर घसरतं. टोक तेवढंच खाली झुकवलं की ती कड जमिनीशी सपाट होते आणि चाक घरच्या माणसासारखं आत राहतं. करंगळीच्या पेराएवढा झुकाव. तुमचा हात पडला नव्हता. आणि माझी ती नाव कोरल्यासारखी टकटक म्हणजे परळभर फिरणारी माझीच चूक होती. उंच चाकं आणि चिखलातले हेलकावे, एवढ्यानेच खीळ कापायचं महिन्यांचं काम एका दुपारी झालं.

मग एकेक आठवत गेलं. विशीतला मी, तुमच्या मांडवात, एका कण्याची झुकलेली टोकं तासून सरळ करतो आणि शाबासकीची वाट बघत उभा राहतो. तुम्ही दोरी लावता. "कोणी सांगितलं हे शहाणपण?" एवढंच म्हणता आणि तो कणा उचलून धावेच्या आगीत टाकता. काकी आतून पेजेचं ताट घेऊन येतात, म्हणतात, "अहो, पोराला कारण तरी सांगा." तुम्ही जेवायला बसता. तिसऱ्या प्रहरी तुमचीच एक गाडी समोरून जाते आणि तुम्ही मला म्हणता, "ऐक. काय ऐकू येतंय?" मी कान देऊन ऐकतो. "काही नाही, मिस्त्री." "मग झालं तर." मला वाटलं, थट्टा करताय. कारण सांगून झालं होतं, मिस्त्री, आणि एवढे तिखट कान असून ते माझ्यापर्यंत पोचायला ही इतकी वर्षं लागली.

शाफ्टची टोकं पुन्हा तापवून झुकवली. दुसऱ्या खेपेला बाईने मला गाडीवर बसू दिलं नाही. "वजन नको," म्हणाली. मी काठावर उभा होतो. गाडी भरून आली, बैलांच्या पोटाला चिखल, चाकं जागच्या जागी. आता तिच्याकडे पाहून आणखी दोघांनी चाकं सांगितली आहेत. माझ्या जुन्या गाड्याही एकेक करून बोलावतोय आणि कणे फुकट झुकवून देतोय. मालकांना सांगतो की ही नवी विलायती तऱ्हा आहे. ते खूश होतात. तुमचं नाव घ्यायला हवं होतं, पण मग मधल्या वर्षांचं काय सांगू?

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि मोठ्याने वाचून दाखवावं तर कारखान्यात माणसं आहेत. कणा झुकवायची वेळ आली की मी सगळ्यांना काहीतरी आणायला पाठवतो आणि दार लोटून घेतो. तुम्हीही तेवढ्याच कामाला मांडवाचं बांबूच्या तट्ट्याचं दार ओढून घ्यायचात. का, ते मी आता विचारत नाही. आत तुमचा जुना कणा जमिनीवर ठेवतो, नवा त्याच्या शेजारी ठेवतो, मध्ये पट्टी लावतो, पुन्हा तापवतो, पुन्हा लावतो. आजपर्यंत नऊ कणे झाले. नजरेने एकही बरोबर आलेला नाही.