पाण्यावरचा आळ

ता. ३ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आपलं हे साटंलोटं. मी तुमच्या भावाची बायको, तुम्ही माझ्या दादाची. तेव्हा नणंदपणा कुणी गाजवायचा हे अजून ठरायचंय. तोवर माझ्या मदतीला या. बाळाच्या गुडघ्यांवर, टाचांवर पाण्याने भरलेले फोड येतात. नुसता कपडा घासला तरी कातडी सुटते. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, आंघोळीचं पाणी कोण काढतं? मी कोपर बुडवून बघते हो. तुम्ही असलात तर धीर येईल.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
तुमची वहिनी

ता. ९ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

पत्र मिळालं. मी येणार नाही, राग मानू नकोस. आमच्या मुलीलाही असेच फोड आले होते. तू शाळेत होतीस, तुला ताप म्हणून सांगितलं. मी कढत पाण्याने पोर भाजली, असं सगळे म्हणाले, तुझे दादासुद्धा. पाणी कोमट होतं असं मला वाटायचं, पण पुढे माझीच खात्री उडाली. मग तिला माझ्या हातात कुणी दिलं नाही. ती गेल्यावर मी दुसरं मूल होऊ दिलं नाही. बाळाला माझ्यापासून लांबच ठेव.

माया पातळ झाली असं समजू नकोस.
तुझी वहिनी

ता. २ मे

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मोठ्या रुग्णालयात बाळाच्या कातडीचा तुकडा तपासला, आम्हा दोघांचं रक्तही. कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारं जनुक बिघडलेलं आहे. एक बिघडलेली प्रत माझ्याकडून, एक तुमच्या भावाकडून. आम्हाला दुसरी चांगली आहे, म्हणून आम्ही धडधाकट. बाळाच्या वाट्याला दोन्ही वाईट आल्या. दुखणं मुळातून जाणारं नाही, फक्त जपायचं. मी तुमच्या मुलीचं सांगितलं. एका घरच्या भावाबहिणींनी दुसऱ्या घरच्या भावाबहिणींशी लग्नं केली हे ऐकून डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. तुम्ही आणि दादा, दोघांनी रक्त द्या, म्हणाल्या. वहिनी, नाही म्हणू नका.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी

ता. २० जून

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

आम्हा दोघांचंही तेच निघालं. पाणी थंड असतं तरी फोड आलेच असते, असं बाई म्हणाल्या. तुझे दादा तिथेच रडले. घरी आल्यावर माझं चुकलं म्हणाले. मला हलकं वाटायला हवं होतं. पण शेवटी शेवटी ती रडायची, माझ्याकडे हात करायची, आणि मी दाराशीच उभी राहायचे. त्याचं आता काय करू, मला कळत नाही.

रविवारी येते. बाळाला उचलायचं कसं ते दाखव. चुकले तर खुशाल रागाव, पण त्याला माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

तुझी वहिनी