भट्टीपुढच्या बाकावर थोरली कोण

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सगळ्यांत आधी टपकली शेजारची एर्सिलिया! माझ्याकडे पाहुणे आले की हिला बरोबर वास लागतो. पाहुणे म्हणजे रोमची मास्तरीण लविनियाबाई अन् वर्गातल्या दोन पोरी. गावच्या भट्टीचं ऐकून आल्या — अजून सगळ्या घरांचा पाव एकाच भट्टीत, पाळीपाळीनं. अन् भट्टीबद्दलचा शेवटचा शब्द बाकावरच्या सगळ्यांत थोरल्या माणसाचा.

मास्तरीण उडालीच! "आजी, सेनेट शब्द अगदी असाच जन्मला! लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा. सेनातुस म्हणजे म्हाताऱ्यांची सभा." मी तीन यत्ता शिकलेली — पण मान अशी डोलावली, जणू मीच तिला शिकवलंय.

पोरींनी अख्खा पाव फस्त केला. पुढच्या गुरुवारी परत येतो म्हणाल्या, भट्टीतून निघालेला गरम खायला. गुरुवारची पहिली पाळी माझीच — चाळीस वर्षं!

बुधवार, ५ नोव्हेंबर
नगराध्यक्ष सावेरिओला भट्टी पाडून तिथं गाड्या उभ्या करायच्यात. शेंबूड मी पुसलाय मेल्याचा! बाकानं हो म्हटल्याशिवाय हात लावता येत नाही, एवढं बरं. पण थोरले दोनातो उन्हाळ्यात गेले. आता थोरली एर्सिलिया — अठ्ठ्याहत्तर. सुनेनं तिला गॅसचा ओव्हन आणलाय. ती भट्टी पाडायला कशाला नको म्हणेल?

अन् मी चौऱ्याहत्तर. म्हणजे — सांगते तशी! लग्नात सात वर्षं खाल्ली, ती आजवर ओकली नाहीत. नवरा बिचारा न कळताच गेला. खरी एक्याऐंशी. भोग आता, नटवे!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
पाव करपला. लक्ष कुठं होतं!

शनिवार, ८ नोव्हेंबर
अख्ख्या गावासमोर खरं वय सांगून टाकलं. सावेरिओ म्हणतो, "मावशी, काल तर चौऱ्याहत्तरच्या होतात! रात्र फार वाईट गेली का?" खो खो हसले सगळे. मीही. मग बाकावर ऐसपैस बसले अन् म्हटलं, "भट्टी राहणार!" काय गोड वाटलं म्हातारी होताना!

रविवार, ९ नोव्हेंबर
प्रार्थनेनंतर एर्सिलिया बाप्तिस्म्याचा दाखला फडकावत आली. त्र्याऐंशी! पाच वर्षं चोरत होती टवळी!

"ऊठ गं धाकटे. जागा दे."

उठले.

"भट्टी राहणार," म्हणाली. "गॅसवरचा पाव म्हणजे ओला कापूस. पण गुरुवारची पहिली पाळी आजपासून माझी."

मास्तरीण अन् पोरी तेरा तारखेला येणार. गुरुवारी.