खालची बारीक अक्षरं

बाबा, परवा बाजारात एका दुकानदाराशी माझं भांडण झालं. तुम्ही असतात तर बाहेर सायकल धरून, माझं संपेपर्यंत चप्पल बघत उभे राहिला असतात. भांडण कशावरून ते सांगायचं तर आधी तुमच्या जावयांबद्दल सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा हे दुर्ग लाइनवर मालगाडी चालवत होते. आता ते रुआबांध्याच्या आमच्या घरात, हॉलमधल्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. गेल्या पावसाळ्यानंतर झटका आला आणि डावं अंग गेलं. पाय वॉकरपुरता परतला, हात थोडासा परतला, पण माणूस काही परतला नाही. डॉक्टर यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात, जणू मी नादुरुस्त मिक्सर दाखवायला आणलाय. हात चालता ठेवा म्हणाले आणि रबरी चेंडू दाबायला दिला. अख्खं आयुष्य इंजिन चालवलेल्या माणसाला चेंडू! ह्यांनी तो दोनदा दाबला आणि खाटेखाली सोडून दिला. मी झाडताना रोज तो चेंडू बाहेर काढते आणि रोज तो परत आत जातो.

रिटायर झाल्यावर यांना एकच नाद लागला होता, मागच्या खोलीत कंप्युटरवर रेल्वे चालवायच्या खेळाचा. त्यात सिग्नल असतात, चढ असतात, ब्रेकचा दाब असतो. मी भरपूर टोमणे मारले होते, की पगार बंद झाला तरी ड्युटी काही सुटत नाही. आता त्या खुर्चीवर यांना बसवत नाही. हॉलमध्ये टीव्हीसमोर तक्क्याला टेकून मात्र अर्धा तास बसतात, बसवलं तर. म्हणून मी ठरवलं की खेळच टीव्हीवर आणायचा. कंप्युटर हॉलमध्ये आणावा तर त्याच्या पंख्याची घरघर यांना आता सोसत नाही, आणि लांब वायर टाकावी तर वॉकर अडकून पडतील. मग कळलं की खेळ मागच्या खोलीत चालतो आणि त्याचं चित्र घरातल्या नेटवरून टीव्हीकडे पाठवता येतं. मात्र त्याला कंप्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड लागतं. तीन दुपारी चष्मा लावून मी ते सगळं वाचून काढलं. चित्र काढणं हे कार्डाचं एक काम. ते चित्र दाबून लहान करून क्षणोक्षणी टीव्हीकडे धाडणं हे दुसरं, आणि त्यासाठी कार्डात एक वेगळा भाग असतो, त्याला एन्कोडर म्हणतात. स्वस्तातल्या काही कार्डांत तो नसतोच. शिवाय आमच्या कंप्युटरच्या डब्याचा पॉवर सप्लाय लहान आहे, तेव्हा विजेची वेगळी वायर न मागणारंच कार्ड हवं. हे सगळं मी यांना उत्साहाने सांगितलं, तर भिंतीकडे बघतच म्हणाले, "कावून इतका खटाटोप करून राहिली तू? पडू दे न मले." त्या "पडू दे"चीच मला भीती वाटते, बाबा. ज्या दिवशी मी खरंच पडू देईन, त्यानंतर हे उठायचे नाहीत.

कार्डाचं हे सगळं वाचताना सारखं आपलं कारखान्याच्या सेक्टरमधलं क्वार्टर आठवत होतं. स्वयंपाकघरात उजेड चांगला म्हणून तुम्ही ड्युटीवरून आलात की तिथेच लाकडी स्टुलावर बसता, आई कणीक मळते आहे, आणि मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्मातच उभी राहून तुम्हाला वर्कशॉपचं पुस्तक वाचून दाखवते आहे. यंत्रं रशियन, पुस्तकं त्यांनीच कशीबशी इंग्रजीत उलथवलेली. मला त्यातलं अक्षर समजत नाही आणि तुम्हाला अक्षर वाचता येत नाही, पण मी वाचत जाते आणि तुमची मान हलत जाते. "थांब. ते मागचं पुन्हा." मी पुन्हा वाचते. एकदा तुम्ही एका पार्टचं नाव तुमच्या पद्धतीनं म्हणालात आणि मी फिदीफिदी हसले. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "हास. पन वाचशीन ते पूरं वाच. मोटरीच्या पाटीवर खाली जे बारीक असते न, मानूस त्याच्यानं मरते."

दुकानदार चाळिशीचा, आवाज गोड. "आंटीजी, पोते के लिए?" मी म्हटलं, पति के लिए. त्यावर तो जे हसला, त्यासाठी शाळेत शिकवत असताना मी पोरांना बाकावर उभं केलं असतं. त्याने एक नवंकोरं कार्ड पुढे केलं. किंमत बेताची, वेगळी वायर नको, खोक्यावर आग ओकणारं कसलंसं जनावर. मी विचारलं, यात एन्कोडर आहे का? म्हणाला, सगळं आहे, टीव्हीला वायर लावायचं भोकसुद्धा आहे. मी म्हटलं, वायर लावायची नाही, दुसऱ्या खोलीत चित्र पाठवायचंय, कंपनीचं पान उघडून दाखवा. त्याने काउंटरवरच्या कंप्युटरवर उघडलं आणि वरच्या मोठ्या अक्षरांवरून बोट फिरवू लागला. मी म्हटलं, खाली उतरा. "छोटे अक्षर कौन पढ़ता है, आंटीजी," तो म्हणाला. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली.

मी का चिडले ते त्याला कधीच कळणार नाही. मी त्याला म्हटलं, मैं पढ़ती हूँ, आप उतरिए. तळाशी तो तक्ता होता आणि एन्कोडिंगच्या रकान्यात सरळ "नाही" लिहिलेलं होतं. मग मी त्याला गिऱ्हाइकाच्या वयावर, त्याच्या अज्ञानावर आणि त्या आग ओकणाऱ्या जनावरावर जे काय सुनावलं ते सुनावलं, थोडं हिंदीत, बाकीचं इंग्रजीत. शेवटी त्याने फळीवरून एक जुनं, वापरलेलं, मळक्या रंगाचं कार्ड खोक्यासकट काढलं. त्याचंही पान मी तळापर्यंत वाचलं. एन्कोडर होता, वेगळी वायर लागत नव्हती. तेच घेतलं. निघताना तो पडल्या आवाजात म्हणाला, "मैडम, ये मुझे भी नहीं पता था." तेव्हा मला त्याची थोडी कीव आली. रस्ताभर मात्र मला आपल्या क्वार्टरसमोरच्या काकूंचा टेपरेकॉर्डर दिसत होता.

तुम्हाला तो विसरता आला नसणार. काकूंच्या भावाने परदेशातून पाठवलेला, मुलीच्या लग्नात वाजवायला. तो लावून द्यायला तुम्हाला बोलावलं होतं आणि ओळीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. पाटीवर व्होल्टेजचे दोन आकडे होते, म्हणून तुम्ही वायर हातात धरून माझ्याकडे पुस्तिका दिलीत. मी ठसक्यात वाचली, पानाच्या जवळजवळ शेवटापर्यंत. तुम्ही विचारलंत, "खाली बी काई लिवलं आहे का?" मी म्हटलं, काही नाही, कंपनीचा पत्ता आहे. तुम्ही प्लग लावलात. धूर निघाला, काळा वास सुटला. तुम्ही काकूंना एवढंच म्हणालात, "माह्याच हातानं झालं." त्यानंतर रविवारी इस्त्री, पंखा घेऊन कुणी आलं की तुम्ही म्हणायचात, आता नजर बरोबर नाही. तुमची नजर चांगली होती. मला माहीत होतं.

कार्ड मी स्वतः बसवलं. काल सकाळी यांना तक्क्याला टेकवलं आणि खेळाचा बटणांचा कंट्रोलर डाव्या हातात दिला. टीव्हीवर रूळ आले, लांबवर सिग्नल आला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अंगठा हलला आणि हॉर्न वाजला, इतक्या जोरात की शेजारचं कुत्रं भुंकलं. हे हसले नाहीत. चेहरा ड्युटीवरचा झाला. गाडी सुटण्याआधी पडद्याच्या तळाला इंग्रजीत सूचना आल्या, त्या यांना दिसेनात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाली काय लिवलं आहे, वाच न." मी उठून टीव्हीजवळ गेले आणि सगळं वाचलं, एकेक ओळ, शेवटच्या फुलस्टॉपपर्यंत. वाचताना माझा आवाज का फाटला हे यांनी विचारलं नाही, कारण सिग्नल हिरवा झाला होता.

हे पत्र त्या कार्डाच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे, आणखी कुठे पाठवणार. बाबा, त्या पुस्तिकेत खाली पत्ता नव्हता. मागच्या झाकणाखालचा व्होल्टेजचा खटका आधी फिरवा, असं लिहिलं होतं. त्या बारीक अक्षरांच्या पहिल्याच ओळीत एक लांबलचक शब्द होता, तो मला म्हणता येईना, आणि त्या सगळ्या बायकांसमोर मला अडखळायचं नव्हतं.