मुंग्यांनी न शिवलेली वाटी

मार्गशीर्ष शुद्ध ५, सन १९३६
धाकट्या जावेच्या, गोदाच्या बाळाची आज पाचवी. मला बाळंतिणीच्या खोलीत मनाई. पाचवीला विधवा कशी चालेल. सासूबाई म्हणाल्या, "तू धानाकडं पाह." पाहिले. भिंतीपलीकडून बाळाचे रडणे येते. भुकेचे आहे, मी ओळखते.
पहिले दूध सुईणीने पिळून टाकायला लावले. इतके दिवस गुळाच्या पाण्यात भिजवलेली वात चोखायला. आज अंगावर लावले तर धरीना.

शुद्ध ६
आजही तोंड फिरवतो. पार्वता सुईण म्हणते, "हिचं दूधच कडू हाय. लेकरू कसं धरते?" उद्या दूध मुंग्यांना दाखवायचे ठरले. त्यांनी खाल्ले तर चांगले, नाही खाल्ले तर विखारी.
माझ्या यमूच्या वेळीही असेच दाखवले होते. माझ्या दुधाला मुंग्या शिवल्या नाहीत, म्हणून यमूला माझ्यापासून काढून शेळीच्या दुधावर ठेवले. बारशानंतर चार दिवसही राहिली नाही. पान्हा मात्र तिच्यामागे येतच राहिला. लुगडे ओले व्हायचे आणि...
आता पुरे.

शुद्ध ७
परसात ऊन आल्यावर वारुळाजवळ वाटी ठेवली. दूध पार्वतानेच पिळून आणले होते. मुंग्या काठापर्यंत आल्या आणि परतल्या. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.
पार्वता लगेच म्हणाली, "माही सून हाय ना. तिचं दूध दोघा लेकरांले पुरते." फार लगेच. जिभेवर तयारच होते जणू. सुनेला लुगडे मिळेल, धान मिळेल.
भाऊजी धानाच्या गाड्या घेऊन गोंदियाला गेलेत. ते आले की सुनेला बोलवायचे. गोदाला कोणी विचारले नाही.

शुद्ध ८
परसातल्या खिडकीतून पाहिले. पार्वताने तळहातावर तंबाखू-चुना मळला, थापटला, दाढेखाली ठेवला. मग त्याच अंगठ्याने गोदाची छाती दाबली आणि बाळाला लावले. बाळाने तोंड वाकडे केले.
सवय की मुद्दाम? मला मुद्दाम वाटते. मला हल्ली सगळेच मुद्दाम वाटते.
ती गेल्यावर खिडकीतूनच गोदाला हळूच म्हटले, "तिला हात लावू देऊ नको." गोदाने बाळावर पदर ओढला. "बाई, तुमी कायले आल्या इथं? सासूबाई पाहतील त मलेच बोलतील." पदर कोणापासून ओढला ते कळले. हिला माझीच भीती.

शुद्ध ९
सकाळी गाईचे दूध दोन वाट्यांत घेतले. एकीत तंबाखू-चुन्याचे बोट बुडवले. दोन्ही वारुळाजवळ ठेवल्या आणि सासूबाईंना हात धरून नेले. नुसत्या दुधाला मुंग्यांची रांग. दुसरीकडे एकही नाही.
पार्वता मागे येऊन उभी. "या हातानं अर्धं गाव निंगालं. तुमी मले शिकवून राहिल्या?"
सासूबाई म्हणाल्या, "त मंग गायीलेबी कडू दूध सुटलं काय वो? हात धू, नाई त घरी जा." ती घरी गेली.
गोदाची छाती दगडासारखी झालेली. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगत राहिले. कोमट पाण्याने शेक. थोडे पिळून मऊ कर. त्याचे पोट तुझ्या पोटाला लाव. डोके दाबू नको, पाठ धर. तोंड मोठे उघडू दे. तो रडला, ती रडली. मग एकदम दोघेही गप्प. घोट गिळल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.
मी गोठ्यात जाऊन बसले.

शुद्ध ११
बाळ पितो. विहिरीवर पार्वताची सून भेटली, कडेवर तिचे पोर. म्हणाली, "आमच्या तोंडचा घास काढला ना? आता तुमीच पाजा." बायका हसल्या. मी घागर उचलली.
तिला सासूचे काही माहीत असेल असे वाटले नाही. पार्वतालाही असेल का? पोर न पिण्याचे कारण आपलाच अंगठा, हे... नाही. तिची बाजू मी कशाला घेऊ.

शुद्ध १३
सासूबाई तांदूळ निवडत होत्या. समोर बसून विचारले, "यमूच्या वेळी वाटी कोणी धरली होती?"
"आठवत नाई."
कोणती म्हैस कोणत्या साली व्याली हे ज्यांना तोंडपाठ, त्यांना आठवत नाही. पार्वता तेव्हाही आमच्याकडेच येत होती. पण तेव्हा तंबाखूची डबी सासूबाईंच्या कमरेलाही असायची. दात गेले तेव्हा सोडली.
मी उठले नाही. तेव्हा म्हणाल्या, "जा, गोदाजवळ बस. लेकराची प्याची वेळ झाली."
आजवर त्या खोलीत मला पाय ठेवू दिला नव्हता. बाळासाठी म्हणाल्या, की मी समोरून उठावे म्हणून?
उठले. दारातून वळून पाहिले. सूप मांडीवर तसेच, आणि त्या तांदूळ निवडत नव्हत्या.