वहिनींच्या गाठीचे छायाचित्र

तीर्थस्वरूप दादा,

सांप्रतचा पत्ता अज्ञात असल्याने साष्टांग दंडवत देवासच्या प्रयोगशाळेतूनच, तुझ्याच स्टुलावरून घालतो.

तू गेल्यावर पत्रव्यवहाराचे प्रयोजन उरले नव्हते. आज आहे. वहिनींच्या गळ्यातल्या गाठीवरून इंदूरच्या दोन डॉक्टरांची दोन मते पडली. नागपूरचा तुझा वर्गमित्र फोनवर म्हणाला, "स्लाइडचे फोटो पाठवा, पण अगदी स्पष्ट हवेत. पेशीचं केंद्रक दिसलं पाहिजे." म्हणून धारच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे महामहोपाध्याय, अर्थात तुझा धाकटा भाऊ, तुझ्या बंद पॅथॉलॉजीचे कुलूप उघडून स्थानापन्न झाले! फोटो गेला आहे. उत्तर यायचे आहे. हात स्वस्थ राहत नाहीत, म्हणून हे लेखन.

तुझे ते यज्ञकर्म आठवते का? सूक्ष्मदर्शकातून फोटो काढताना पंखा बंद, बोलणे बंद, शेजारच्या खोलीत चालणेही बंद! टेबलाच्या पायांखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे. "हे छायाचित्रण की सत्यनारायण?" असे मी विचारले होते. तू मान वर न करता म्हणालास, "प्रसाद हवा असेल तर गप्प बस."

आज तोच विधी यथासांग केला. तरी प्रतिमा थरथरे. बाहेर सोयाबीनचा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा. मी परम विनयाने विनंती केली. चालक म्हणाला, "भिया, दो बोरी बची हैं, फिर आराम से फोटू खींचना." दोन बोऱ्यांना माळव्यात किती काळ लागतो, हे तू जाणतोसच.

ट्रक गेला, तरी चित्र धूसरच. मग मी स्लाइडखालचा उजेड आवरणारी कंडेन्सरची झडप मिटत नेली. काय सांगू! प्रत्येक पेशीला काजळ घातल्यासारखी काळी रेघ. केंद्रकांतले सूक्ष्म तपशील लुप्त. सगळ्या पेशी कशा सात्त्विक दिसू लागल्या! "ती रेघ स्लाइडची नसते, झडपेची असते," असे तू मला कितीदा सुनावले होतेस! पण दादा, तुझ्यामागे त्या घरात वहिनींवाचून कोण आहे? मला ते खोटे चित्रच पाठवावेसे वाटले.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. "भावजी, अजून चाललंच आहे? माझ्या लग्नातसुद्धा इतके फोटो काढले नव्हते."

"अतीव मनोहर आले आहे," मी कॅमेऱ्याचा पडदा दाखवत म्हणालो.

त्या बघत राहिल्या. "ह्यांचे फोटो असे चकचकीत नसायचे. खरं सांगा, नागपूरवाल्यांना यात नीट दिसेल?"

माझे अगाध शब्दभांडार बाजूस ठेवून मी नकारार्थी मान हलवली.

"मग परत काढा. मला चांगलं नकोय, भावजी. मला कळायला हवंय."

मी झडप उघडली. भिंग काढून उजेडात धरले, तर पुढच्या काचेवर तेलाचा वाळलेला थर. तुझ्या अखेरच्या दिवसाचा! तेलात टेकवायच्या भिंगाचे तेल शेजारच्यालाही लागते, पुसून ठेवा, हा तुझा वेदमंत्र; आणि तूच विसरलास? त्या दिवशीच छातीत दुखत होते का? मग कुणाला सांगितले का नाहीस, दादा?

मऊ कागदाने ते पुसले. तुझा हात पुसल्यासारखे वाटले.

टायमर लावून मी मागे सरलो. वहिनी श्वास रोखून उभ्या. केंद्रके दिसली, अगदी कणाकणासकट. मला ती आवडली नाहीत. बेडकांच्या प्राध्यापकाच्या नावडीस वैद्यकशास्त्रात शून्य किंमत, असे स्वतःला बजावून चित्र पाठवले.

आता वहिनी बाहेरच्या बाकावर डबा उघडून माझी वाट पाहत आहेत. तुला वचन देतो: उत्तर मी आधी एकट्याने वाचणार नाही, त्याला अलंकारही चढवणार नाही. त्यांच्याशेजारी बसून उघडेन, आणि जे असेल ते, आहे तसे, मोठ्याने वाचेन.

तुझा धाकटा,
बापू