ढोल्याची झूल

१५ नोव्हेंबर, रविवार
लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि तिचं तट्टू माझ्याकडे राहिलं. नाव ढोल्या. हिवाळाभर बाहेर मोकळ्यावर ठेवायचं. लेकीने बजावलंय, जमलं नाही तर सांगा, दुसरीकडे सोय बघू. न जमायला काय झालं? आख्खं ऑफिस सांभाळलेला माणूस आहे मी. शिवाय ढोल्यासाठी ती दर रविवारी फोन करणार आहे. एरवी महिना-महिना करत नसे.

१६ नोव्हेंबर, सकाळी ६
संकल्प: रोज पहाटे खरारा. अंग आरशासारखं चकचकीत दिसलं पाहिजे.

सकाळी ९
झोप लागली होती. आता सुरू.

२२ नोव्हेंबर, रविवार
फोन आला. ढोल्याची भूक, शेण, आयाळ, सगळं सविस्तर सांगितलं. खुरांवर आलो तेवढ्यात तिला बाहेर जायचं होतं. खूर पुढच्या रविवारी.

२८ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी. शेडचं दार उघडं आहे, तरी ढोल्या वाऱ्याकडे पाठ करून उघड्यावर उभा. खिन्न दिसतो. एकटा पडलाय बिचारा. माझं बरं आहे, मला रेडिओ आहे.

२ डिसेंबर
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. केसांत हात खुपसून म्हणाले, आतून मस्त गरम आहे. ही जातच काटक. वाळलं गवत भरपूर घाला, टाकीतला बर्फ फोडा आणि खरारा बंद करा. त्याने अंगचं तेल जातं. केस फुललेले राहिले की तेच त्याचं पांघरूण. फक्त एकटं ठेवू नका. म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाले, चार पायांचं कोणीतरी बघा. मनाला लावून घेतलं नाही.

५ डिसेंबर
डॉक्टर वयाने लहान आहेत. झूल आणली. निळी, पट्टेवाली. घालताना ढोल्याने माझ्या पायावर पाय दिला. प्रेम व्यक्त करायची एकेकाची पद्धत असते. झुलीत तो नवरदेव दिसतो.

६ डिसेंबर, रविवार
फोन आला. झुलीचं बोललो नाही. सरप्राइज.

९ डिसेंबर
दिवसभर गार पाऊस. झूल भिजून चिंब, आतले केस अंगाला चिकटलेले. ढोल्या थरथरत होता. या हिवाळ्यात पहिल्यांदाच. झूल काढून घरातले सगळे टॉवेल आणले आणि पुसत बसलो. कुंपणापलीकडच्या बाई बघत होत्या. हळूहळू तो थरथरायचा थांबला. मग मी सुरू झालो.

१० डिसेंबर
अंगात कणकण. ढोल्या गायब. कुंपणाची फळी मोडलेली. सापडला बाईंच्या शेतात, त्यांच्या म्हाताऱ्या खेचराबरोबर. दोघं एकमेकांची मान खाजवत होते. मी रोज गवत घालतो, माझी मान कधी खाजवली नाही. हाक मारली. त्याने एक कान हलवला. गाजर दाखवलं. आला, गाजर खाल्लं, परत गेला.
फळी उद्या ठोकणार. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

१३ डिसेंबर, रविवार
फोन आला. सांगितलं, ढोल्या ठणठणीत, इथे समोरच उभा आहे. लेक म्हणाली, बाबा, शेजारच्या काकूंनी फोटो पाठवलाय. तिचं आणि बाईंचं ठरलंय: ढोल्या तिकडेच राहणार. त्याला सोबत मिळाली आणि तुम्हीही सुटलात, म्हणाली. म्हटलं, हो, सुटलो एकदाचा.

२० डिसेंबर, रविवार
फोन नाही. लाइन खराब असणार.
बाईंकडे जाऊन त्यांना माझ्या नंबरवर फोन लावायला सांगितला. खिशात लगेच वाजला. लाइन चांगली आहे.

२७ डिसेंबर, रविवार
मीच फोन केला. राहिलेले खूर सांगायला घेतले. ती म्हणाली, ते सगळं काकू कळवतात. बाबा, तुम्ही कसे आहात?
तयारी नव्हती. म्हटलं, भूक चांगली आहे. मग म्हणाली, नीट राहा.
झूल वाळली. खरंच ऊब देते की दुकानदाराने फसवलं, याची ट्रायल घ्यायला हवी. पांघरून बसलोय. ऊब देते. फक्त पट्टा मागून पुढे आणून बांधायला दुसरं कोणीतरी लागतं.