डॉक्टरीणबाई मागच्या सीटवर

११ जानेवारी

हिचा पाय मोडला! डावा घोटा. म्हशीने लाथ मारली असती तर चारचौघांत सांगायला तरी बरं होतं. पण नाही — ही गोठ्यात सांडलेल्या दुधावरून घसरली. गुरांची डॉक्टर, पंधरा वर्षांची नोकरी, सगळी शिंगं नि सगळे खूर चुकवले आणि पडली ती दुधावर!

सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतरही मोटरसायकल इतक्यात नाही, असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. गिअर डाव्याच पायाने टाकतात म्हणे. लग्नाला बारा वर्षं झाली, मी हिच्या मागेच बसत आलो, पण ही पायाने काय करते ते कधी बघितलं नाही. मी डोळे मिटून बसतो.

१३ जानेवारी

चौदा गावं हिच्या एकटीच्या अंगावर. दुपारी वरच्या साहेबांचा फोन आला — फिरती होत नसेल तर महिनाअखेर दुसरा डॉक्टर पाठवतो, बाईंनी मुख्य कचेरीत टेबलावर बसावं. फोन ठेवला आणि ही भिंतीकडे तोंड करून झोपली. भर दुपारी! हिला दिवसा आडवी झालेली मी आजवर पाहिलं नव्हतं.

चहाच्या वेळी म्हणाली, "तू शीक."

"काय?"

"मोटरसायकल. तू चालव, मी मागे बसते."

मी हसलो. ती हसली नाही.

१४ जानेवारी

न शिकण्याची कारणं. वय त्रेचाळीस. दहाव्या वर्षी सायकलवरून तोंडावर आपटलो, पुढचे दोन दात गेले. आता आहेत ते माझे नाहीत. म्हणजे माझेच, मीच बनवलेत. कवळ्या करणं हा माझा धंदा — बैठा, शांत, जिवाला धोका नाही. गावातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात. मला दुसरं काही येत नाही आणि यावं असं वाटतही नाही.

सासूबाई लेकीच्या मदतीला आल्यात. बेत कानावर गेल्यावर म्हणाल्या, "जावईबापू, रस्ता ओलांडताना तुम्ही माझा हात धरता!"

खरं आहे. पण हिची ती भिंतीकडे वळलेली पाठ डोळ्यांसमोरून जात नाही.

१५ जानेवारी

शिकाऊ परवाना काढला. फोटोत दातखिळी बसल्यासारखा दिसतो.

१७ जानेवारी

पहिला धडा. गुरांच्या बाजाराचं मैदान, आज बाजार नाही म्हणून रिकामं. दूधवाल्याने त्याच्या टेंपोतून सगळं आणून टाकलं — मोटरसायकल, ही, एक खुर्ची, पाय ठेवायला स्टूल, दोन कुबड्या. ही मधोमध खुर्चीत बसली, एक कुबडी उगारून.

"क्लच दाब. पहिला टाक. आता हळू सोड. हळू म्हणजे हळू रे!"

गाडीने बेडकासारखी उडी मारली नि बंद पडली. एकदा नाही, नऊ वेळा. कवळीच्या मेणात केसाइतका फरक ओळखणारे हे हात, आणि क्लच कुठे पकडतो ते त्यांना कळेना.

मग हिचा आवाज एकदम बदलला. खालच्या पट्टीत, मऊ. "हो... हो... शांत... काही होत नाही राजा... अस्सं..." आणि गाडी चालली! वीस-पंचवीस पावलं गेलो असेन. बारा वर्षांत मला कुणी राजा म्हटलं नव्हतं.

घरी येताना आठवलं — इंजेक्शन देण्याआधी ही म्हशींशी अशीच बोलते. विचारलं. म्हणाली, "मग? गुण आला ना?"

२० जानेवारी

पडलो. दोनदा. त्यात एकदा उभ्या गाडीवरून.

२३ जानेवारी

"जिकडे बघशील तिकडे गाडी जाईल," असं ही कालपासून कानीकपाळी ओरडतेय. आज मैदानात एकच शेणाचा ढीग होता. मी तो चुकवायचा म्हणून त्याच्याकडेच बघत राहिलो.

सासूबाईंनी मला अंगणातच अडवलं नि बादलीभर पाणी ओतलं.

२५ जानेवारी

सापडलं! क्लच सापडला! कवळी बसवताना मी म्हाताऱ्यांना रोज काय सांगतो? — हळू मिटा, दाताला दात लागला की थांबा, मगच चावा. क्लच म्हणजे तेच! सोडत जायचं, आत कुठेतरी दाताला दात लागतो, तिथे क्षणभर थांबायचं. मग गाडी आपण होऊन पुढे जाते, धक्का नाही, काही नाही.

मैदानाला सहा फेऱ्या मारल्या. मी हे हिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मला हे असं कुणी शिकवलंच नाही."

३० जानेवारी

रस्त्यावर गेलो! हिला मागे घेऊन. हिचा प्लास्टरचा पाय बाजूला आडवा, कुबडी भाल्यासारखी उभी. सासूबाई दारात उभ्या होत्या; नुसता निरोप देत होत्या की अखेरचा, ते कळेना.

एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. वर वळून विचारतो, "काका, गाडीत काही बिघाड आहे का?"

तीन गावं केली. संध्याकाळी साहेबांचा फोन. ही म्हणाली, "फिरती चालू आहे साहेब." कशी, असं त्यांनी विचारलं असावं. "मोटरसायकलने." मी दारामागे कान लावून उभा होतो. साहेब म्हणाले, बरं, एक महिना बघू.

८ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी सातला टेकडीपलीकडच्या गवळ्याचा फोन — गाय अडलीय, वासराचा एकच पाय बाहेर आलाय, दुसऱ्याचा पत्ता नाही. ही म्हणाली, "तास आहे. फार तर तास." त्या वाटेवर ओढा आहे. मी आजवर तिकडे गाडी घातली नव्हती. ही पायाने धडधाकट असताना मी तिथे उतरून चालत जात असे.

ओढ्याशी थांबलो. पाणी घोटाभर, पण खाली गोटे. माझं पाणी पाणी आधीच झालेलं.

"उतरतो," मी म्हटलं. "ढकलत नेतो. तू बसून राहा."

"आपण दोघेही पडू. चालवत ने. पहिला टाक, मध्ये थांबू नकोस, पाण्याकडे बघू नकोस. तो समोरचा दगड बघ."

तिने राजा म्हटलं नाही. उगी उगी केलं नाही. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला — आणि तो हात थरथरत होता! मला वाटायचं ही कशालाच भीत नाही. दोघेही घाबरलोय म्हटल्यावर कसा कोण जाणे, मला धीर आला. दगडाकडे बघितलं नि गेलो. मागचं चाक एकदा सरकलं, आणि — पलीकडे!

गोठ्यात ही खोक्यावर बसली, पाय लांब करून, हात कोपरापर्यंत आत. "सापडला. दुमडलाय... आला, आला सरळ. आता ओढा — ती कळ देईल तेव्हाच!" दोरीला एका बाजूने गवळी, दुसऱ्या बाजूने मी. वासरू एकदम सुटलं आणि आम्ही दोघे चिखलात बसलो. कालवड! ओली, लटपटती, शिंकली आणि उभी राहायला लागली. पडली, परत उठली. अगदी मैदानातला मीच!

गवळी मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हात धुवायला पाणी देऊ?" मी चूक सुधारली नाही.

येताना ओढा कधी ओलांडला ते कळलंसुद्धा नाही. मी गात होतो. ही म्हणते बेसूर.

१९ फेब्रुवारी

पक्क्या परवान्याची परीक्षा. आठाचा आकडा काढायचा. मराठी आठ असता तर एका वळणात सुटका होती! पण त्यांना इंग्रजी हवा, दोन्ही पोटं पूर्ण. पहिल्यांदा काढला तेव्हा परीक्षक म्हणाले, "हा सहा झाला." दुसऱ्यांदा जमला. पाय एकदाही टेकला नाही!

२३ फेब्रुवारी

हिचं प्लास्टर निघालं. पाय अगदी काडी झालाय. मोटरसायकल चालवायची की नाही ते पुढच्या खेपेला ठरेल.

२ मार्च

साहेबांचं पत्र. दुसरा डॉक्टर येत नाही. टेबल नाही, कचेरी नाही, चौदाही गावं हिचीच! सासूबाईंनी पत्र मोठ्याने तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा स्वाक्षरीसकट.

९ मार्च

ही मागे बसून अखंड बोलते. "अरे, त्या घराला निळी दारं आहेत! कधी रंगवली?" मी म्हटलं, आहेतच की, पहिल्यापासून. (मी अधूनमधून डोळे उघडायचो.) जरा वेळाने म्हणाली, "इतकी वर्षं या रस्त्यावर मी फक्त खड्डे बघितले."

मग बोलणं थांबलं. पाठीवर डोकं टेकलेलं जाणवलं. झोपली होती. मी चाळीसचा वेग तिसावर आणला आणि जवळचा फाटा सोडून लांबच्या वाटेने घरी आलो.

२१ मार्च

हाडांच्या डॉक्टरांकडे ही सासूबाईंबरोबर जाऊन आली. पाय अजून दुखतो म्हणे, आणखी काही आठवडे मीच चालवायची. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे फक्त इथेच लिहितो.

४ एप्रिल

चौथ्या गिअरमध्ये पहिल्यांदाच शीळ वाजवली. पुढचे दोन दात जागेवर राहिले.

११ एप्रिल

कवळी पोचवून लवकर परतलो, चालत, परसाकडच्या गल्लीने. शेजाऱ्यांची शेळी दावं तोडून पळाली होती आणि तिच्या मागे ही — धावत! कुंपणावरून उडी. शेळीचा मागचा पाय धरला, शेळी खांद्यावर टाकली, परत कुंपणावरून उडी. खिडकीतून सासूबाई दबक्या आवाजात ओरडत होत्या, "अगं पुरे, जावई येतील!"

मी भिंतीआड शंभरपर्यंत आकडे मोजले आणि पुढच्या दाराने आत गेलो. ही लंगडत बाहेर आली, एका हाताने भिंत धरून. म्हणाली, "आज जरा जास्तच दुखतंय रे."

"मग तू मागेच बस," मी म्हटलं, आणि अंगणात जाऊन किक मारली.